दीड वेढ्याचं शहाणपण

श्री. लोअरवाले यांस,
स. न. वि. वि.

आपली तोंडओळख नाही. स्पीडब्रेकर आला की तुमची जुनी स्विफ्ट तिरकी होते, आधी डावं चाक, मग उजवं, असा सोहळा चालतो. त्या वेळी मागे जी गाडी खोळंबते, ती माझी. या मुक्कामांत तुमच्या गाडीच्या पोटाचा बराच अभ्यास झाला, म्हणून हे अभिनंदनाचं पत्र.

गाडी खाली बसवणाऱ्या लोअरिंग स्प्रिंगचा तयार संच महाग पडतो. तुमच्या फिटरने आहे त्याच स्प्रिंगवर ग्राइंडर फिरवला, दीड वेढा उडवला, आणि जे कंपनीच्या इंजिनिअरांना सुचलं नव्हतं ते जेवणाच्या सुट्टीआधी उरकलं. स्प्रिंग म्हणजे शेवटी गुंडाळलेली सळईच. वजन आलं की ती पिळवटते, आणि जितकी लांब तितकी सहज पिळवटते. सहा वेढ्यांतले दीड गेले की उरलेली स्प्रिंग एक तृतीयांशाने अधिक ताठ होते. शॉकअप मात्र जुन्या स्प्रिंगच्या हिशेबाने बनवलेला. ही नवी उसळी त्याला आवरत नाही, त्यामुळे खड्डा मागे पडला तरी गाडी पुढचे तीन विजेचे खांब मान डोलावत जाते. मागच्या काचेतून दिसणाऱ्या तुमच्या मातोश्रींची मानही त्याच तालावर हलते. (त्यांना माझा नमस्कार सांगा.)

चाकाला वर-खाली व्हायला जी जागा लागते, ती तुम्ही रुबाबावर खर्च केलीत. अगदी तळाला गेल्यावर धक्का खायला ठेवलेला रबराचा बंप स्टॉप आता रोजंदारीवर कामाला आहे. फिटर म्हणाला असेल, तोही अर्धा कापू. कापा. बसल्या गाडीत चाकांचे कोन बदलतात, अलाइनमेंट राहून जातं, आणि टायर आतल्या काठाला गुळगुळीत होतो. बाहेरून नक्षी शाबूत दिसते, त्यामुळे हे सुख उशिरा कळतं. टायरवाला मात्र तुम्हाला लांबूनच ओळखतो.

तुमच्या मित्राने तर ग्राइंडरचाही खर्च वाचवल्याचं ऐकलं. गॅसच्या ज्योतीने स्प्रिंग लाल केली, गाडी आपोआप बसली. पोलादाला दिलेलं पाणी एकदा उतरलं की स्प्रिंग बसतच राहते. दसऱ्याला दोन बोटं, दिवाळीला चार. तुमची निदान तशी बसत तरी जात नाही. तुमची फक्त आखूड झाली आहे, म्हणजे चाक खड्ड्यात लटकलं की मागची स्प्रिंग सैल पडते, आणि परत जागच्या जागी बसेलच अशी हमी नाही. तो खडखडाट ऐकू येऊ नये म्हणून डिकीत आधीच वूफर बसवलात, या दूरदृष्टीला तोड नाही.

या कलेला परंपरा आहे बरं का. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातली मेक्सिकन वंशाची पोरं डिकीत वाळूची पोती टाकून, नाहीतर स्प्रिंगा कापून गाड्या जमिनीला टेकवत. १९५८ पासून लागू झालेल्या तिथल्या कायद्याने गाडीचा कुठलाही भाग रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली नको असं ठरवलं. १९५९ मध्ये रॉन अगिरे नावाच्या पठ्ठ्याने गाडीला हायड्रॉलिक पंप बसवले. पोलीस दिसला की गाडी वर, गेला की खाली. पण त्या मंडळींना मुळात हळूच मिरवायचं होतं. तुमचा सायलेन्सर वेगळंच काही म्हणत असतो. शर्यतीची गाडी खाली असते ती वळणावर वेग टिकावा म्हणून, आणि तुम्हाला तर वळणाआधीचा स्पीडब्रेकरच पार होत नाही.

दोष सगळा तुमचा नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शनाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, हळूहळू चढणारा असावा. तसा असता तर तुमचीही गाडी बहुधा पोट न खरवडता निघाली असती. आपल्या गल्लीतला रात्रीतून उगवला. त्याची उंची तीच असेल, रुंदी मात्र पाटाएवढी. इंजिनाच्या चेंबरचं तेल तिथेच सांडतं.

आरटीओचं म्हणाल, तर २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १८२अ कलम आलं. गाडीत मनाई असलेला बदल केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा बदलागणिक पाच हजार दंड, किंवा दोन्ही. चार स्प्रिंगा म्हणजे एक बदल की चार, हा मुद्दा तुम्ही कोर्टात जरूर लढवावा. अपघात झाला, तर हाच मुद्दा विम्याचा सर्व्हेअरही काढेल, फक्त तो तुमच्या बाजूने नसेल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
मागच्या गाडीतला

ता. क. : कापलेले तुकडे तुम्ही जपून ठेवल्याचं कळलं. ते वेल्डिंग करून परत जोडायचा बेत असेल, तर दिवस तेवढा कळवा. मी दुसऱ्या रस्त्याने जाईन.