राज्यपशूंच्या सेवेशी

श्रीमान पांढरशेपटे हरीणसाहेब,
मु. पो. आमच्या कुंपणापलीकडचं रान, पेनसिल्व्हेनिया.

साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आपण १९५९ पासून या राज्याचे राज्यपशू. आम्ही साताऱ्याकडून आलेले, पाच शेळ्यांचे धनी. तरी मानपान न बघता रोज पहाटे आमच्या गवतात चरायला आलात. केवढा हा साधेपणा!

रिकाम्या हाताने कधी गेला नाहीत, लेंड्या ठेवून गेलात. आम्हाला वाटलं, फुकटचं खत. त्यांच्यावरच्या चिकट थरात आपल्या आश्रिताची पिल्लं असतात, हे सांगून उपकाराचं ओझं वाढवलं नाहीत. आश्रित म्हणजे केसासारखा बारीक जंत. तो आपल्या मेंदूच्या आवरणात बिऱ्हाड करतो आणि आपल्या कपाळावर आठीही पडत नाही. भाडेकरू सांभाळावा तर आपणच.

आमच्या ज्ञानातही भर घातलीत. ‘गोगलगाय नि पोटात पाय’ लहानपणापासून ऐकत आलो. लेंडीवरून सरपटताना तिच्या पायात जंत शिरतात आणि तीन-चार आठवडे तिथे वाढतात, हे मात्र आपल्यामुळे कळलं.

आमच्या चांदणी शेळीने ओल्या गवताबरोबर अशीच नखाएवढी गोगलगाय गिळली असावी. एके सकाळी तिचा मागचा डावा खूर उलटा दुमडून मातीत घासत होता. चौथ्या दिवशी ती कुत्र्यासारखी बसली, ती बसलीच. आपल्या पाहुण्याला शेळीच्या अंगात बिऱ्हाड सापडत नाही म्हणे; बिचारा मज्जारज्जूत वाट चुकून हिंडत राहतो. तिथे तो वयातही येत नाही, अंडी घालत नाही, म्हणून शेळीच्या लेंड्या तपासून काही दिसत नाही. किती हा संकोची स्वभाव!

पाच दिवस जंताचं औषध, सूज उतरायला इंजेक्शनं. जंत मरेल, पण कुरतडलेली नस भरून येईलच असं नाही, असं डॉक्टर म्हणाले. चांदणी आता उठते, पण मागून ढकलल्यावर.

आपल्या सन्मानार्थ आठ फुटी कुंपण घातलं. आपण समजूतदारपणे बाहेर थांबलात. गोगलगाय खालून आली.

एक कबुली राहिली. गेल्या हिवाळ्यात कुंपणाशी मक्याचे दाणे आम्हीच टाकले होते. ‘बघा, आमच्या अंगणात हरणं!’ म्हणून साताऱ्याला फोटो पाठवले होते. तेव्हा निमंत्रण आमचंच; आपण फक्त आहेर घेऊन आलात.

कळावे. लोभ आहेच, तो वृद्धिंगत होऊ नये, ही विनंती.

आपला नम्र,
चांदणीचा धनी