कण्हणारी पिकअप

डोंबिवलीत माणूस आजारी पडला तर डॉक्टर शोधावा लागतो. गाडी आजारी पडली तर डॉक्टर आपणहून गोळा होतात. माझ्या मेहुण्याची एमएच-०५ नंबरची जुनी पिकअप पहाटे कल्याणच्या बाजार समितीत भाजी आणायला निघते. आमच्या गल्लीतून ती पुढे-मागे, पुढे-मागे करतच बाहेर काढावी लागते. पावसाळ्यानंतर ती प्रत्येक वळणाला कण्हू लागली, आणि वेळ पहाटे चारची असल्यामुळे अख्ख्या सोसायटीला तिच्या प्रकृतीची काळजी वाटू लागली.

पहिल्या मजल्यावरचे, रेल्वेतून निवृत्त झालेले काका म्हणाले, "बेअरिंग." लिफ्ट, पंखा, स्वतःचा गुडघा, सगळ्यांचं निदान ते हेच करतात. नाक्यावरच्या गॅरेजवाल्याने बॉनेटही न उघडता निकाल दिला, "पंप गेला. नवीन टाका." आकडा ऐकून मेहुणा माझ्याकडे आला.

"भावोजी, तुम्ही मेकॅनिकलवाले ना?"

मी डिप्लोमा मेकॅनिकलचा केला आणि नोकरी जन्मभर खरेदी खात्यात. पण सासुरवाडीत शिक्षण वाया जात नाही.

तसं पॉवर स्टिअरिंगचं काम सरळ आहे. इंजिनच्या बेल्टवर पंप फिरतो, डब्यातलं ऑईल ओढतो आणि दाबाने स्टिअरिंग बॉक्सकडे ढकलतो. चाकं वळवायचे कष्ट ते ऑईल उपसतं. फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन इंजिनिअरने १९२६ साली पिअर्स-ॲरो मोटारीवर हे करून दाखवलं. गिऱ्हाइकाला ते विकत मिळायला १९५१ सालची क्रायस्लर इंपीरियल यावी लागली. मध्ये पंचवीस वर्षं! कल्याणचा जुना पत्रीपूल नोव्हेंबर २०१८ मध्ये पाडला आणि नवा जानेवारी २०२१ मध्ये खुला झाला, तर आपण केवढी बोंब मारली होती.

पंप ओरडतो म्हणून तो मेलेलाच असतो असं नाही. बेल्ट ढिला असला तर तो किंचाळतो. कण्हणं बहुधा ऑईलचं असतं: ते कमी झालेलं असतं, डब्यातली जाळी तुंबलेली असते, नाहीतर ऑईलबरोबर हवा आत जात असते. आम्ही डब्याचं झाकण काढलं. ताकावर यावा तसा फेस! डब्यातून पंपाकडे जाणारा रबरी पाइप उन्हाने कडक झाला होता, क्लिप हाताने फिरत होती. हा पाइप ओढण्याच्या बाजूचा, त्यामुळे इथे ऑईल फारसं बाहेर येत नाही, हवाच आत शिरते. खाली डाग नाही, म्हणून कोणाला संशयही नाही.

पाइपचा नवा तुकडा, दोन क्लिपा, गाडीच्या पुस्तकात सांगितलेलं ऑईल. मग पुढची चाकं जॅकने उचलून खाली ठोकळे दिले आणि इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहायचं. बुडबुडे वर येतात, ऑईल खाली जातं, पुन्हा भरायचं. काका "डावीकडे! उजवीकडे!" असे हुकूम सोडत होते. तासभर स्टिअरिंग फिरवूनही गाडी जागची हलत नव्हती, पण मेहुण्याची तक्रार नव्हती; तो रोज शिळफाट्याच्या कोंडीत हेच करतो.

बुडबुडे थांबल्यावर इंजिन चालू करून पुन्हा तेच. कण्हणं थांबलं. "बेअरिंग बसलं," काका म्हणाले.

तुमचीही पिकअप जुनी असेल तर स्टिअरिंग अगदी टोकाला नेऊन धरून ठेवू नका, आणि कोणी "पंप गेला" म्हणालं की आधी फेस, पाइप आणि क्लिप बघायला लावा. पंपाचे पैसे नंतरही देता येतात.