हाताची घडी, तोंडावर बोट

डॅलसच्या आसपास शाळकरी मुलांच्या व्हेक्स रोबोटिक्स स्पर्धेतल्या ज्या टीममध्ये एखादं मराठी पोर आहे, तिच्या गॅरेजात डोकावा. कोपऱ्यात हाताची घडी घालून एक गिअरकाका उभे दिसतील. खिशाला व्हर्निअर.

हाताची घडी मजबुरीची. रोबो मुलांनीच बनवायचा, मोठ्यांनी स्क्रू पिळायचा नाही, असा स्पर्धेचा नियमच आहे. काकांचे हात नुसते शिवशिवतात. मग तोंड चालतं. "मी सांगत नाहीये हं, फक्त विचारतोय. मोटरमधलं निळं गिअर-कार्ट्रिज 600 आरपीएमचं. 36 दात्यांच्या गिअरनं 48 दात्यांचा फिरवला, तर चाकाला किती? 450! चाक सव्वातीन इंची, म्हणजे सेकंदाला जवळजवळ दोन मीटर. बरोबर ना? फक्त विचारतोय."

मुलांना वेगाची हाव, काकांना ताकदीची. "स्कूटरवर डबलसीट कात्रजचा घाट चढायचाय, कुठला गिअर टाकशील?"

"काका, डबलसीट म्हणजे?"

मुलांनी गिअरिंग न बदलता सरळ 600 वर रोबो पळवला. दुसऱ्या टीमशी ढकलाढकली झाली, मोटर 55 अंशांवर गेली, तिनं आपला करंट निम्म्यावर आणला आणि रोबो मैदानाच्या मधोमध कुंथत बसला. काका एक अक्षर बोलले नाहीत. परत आल्यावर एवढंच म्हणाले, "मोटर गरम लागतेय का रे? फक्त विचारतोय."

जुगाड मात्र रक्तातच. "मोटरच्या आत जरा कानस मारली तर?"

आठवीतल्या मुलीनं मान वर न करता सांगितलं, "कार्ट्रिज बदलता येतं. बाकी मोटरला हात लावला की इन्स्पेक्शनमध्ये बाद."

"थेंबभर फेविक्विक?"

"ग्लू नाही. लॉकटाइट चालतं, स्क्रूच्या आट्यांवर."

काकांनी त्या रात्री नियमावली वाचून काढली. तेव्हापासून पोरांना इन्स्पेक्टर परवडले, पण काका नकोत. स्पर्धेच्या आदल्या रात्री साडेबाराला ते रोबोभोवती टेप घेऊन फिरत होते: 18 इंच लांब, 18 रुंद, 18 उंच. "अहो, पोरं केव्हाच झोपली. सकाळपर्यंत तो वाढणार आहे का?" काकू.

स्पर्धेत आपली मॅच संपली, तरी काका जागेवर नाहीत. शोधलं तर शेजारच्या टीमच्या टेबलापाशी, हाताची घडी घालून उभे. त्या पोराचा गिअर खडखडत होता.

"आय ॲम जस्ट आस्किंग हं," काका त्याला म्हणत होते.