हंस नसलेला तालुका

१९३९ सालचा डिस्नेचा ‘द अग्ली डकलिंग’ बहुतेकांनी पाहिलेला असतो. ऑस्कर मिळालेला, रंगीत. बदकाच्या घरट्यात पांढरं पिल्लू निघतं, बदकबुवा बायकोशी भांडून तरातरा चालते होतात. हाकललेलं पिल्लू पाण्यातल्या लाकडी बदकाला आई समजून बिलगतं. शेवटी हंसीण त्याला पंखाखाली घेते आणि नऊएक मिनिटांत सगळं मार्गी लागतं.

आमच्या रावेर तालुक्यात हे जमणार नाही. तापी आहे, सुकी आहे, हतनूरच्या पाण्यावर थंडीत लांबून बदकं उतरतात. पण हंस काही इकडे फिरकत नाही. हंसांच्या भरवशावरचं पिल्लू इथे जन्मभर लाकडालाच बिलगून बसायचं. शेजारच्या आजींनी नातवाच्या मोबाइलवर हा सिनेमा पाहिला आणि चष्मा सारखा करत विचारलं, “अन् हंस नसता निंघाला त?”

बरं झालं, डिस्नेने ही गोष्ट आधी १९३१ सालीही काढली होती, कृष्णधवल. त्यात आई कोंबडी आहे. खुडूक कोंबडीखाली बदकाची अंडी ठेवायची रीत आपल्याकडेही आहे, त्यामुळे घोटाळा कसा झाला असेल हे कोणी समजावायला नको. वादळ येतं, कोंबडीची पिल्लं पुरात वाहून जायला लागतात आणि नकोसं झालेलं पिल्लूच पोहत जाऊन त्यांना वाचवतं. हंसबिंस काही निघत नाही. बदक ते बदकच.

मला हा जास्त आपला वाटतो. आमच्याकडे नकोशा केळांचंही असंच होतं. केळीच्या व्यापारात लांबच्या बाजारपेठेचा माल खोक्यांत बसून रुबाबात जातो आणि नाकारलेला तो ‘वापसी’. आखूड फणी, सालीवर डाग, की घड बाजूला. मग वेफर्सवाला येतो. कढईवरच किसणी आडवी धरतो आणि हिरव्या केळाच्या चकत्या थेट उकळत्या तेलात पाडतो. मीठ-मिरपूड पडली की डाग कुठे होता, हे शेतकऱ्यालाही सांगता येत नाही. भाव मात्र वापसीचाच मिळालेला असतो.

मोठ्या उमेदीने आजींना १९३१चा सिनेमाही दाखवला. पिल्लं सुखरूप काठाला लागली, कोंबडीने बदकाला जवळ घेतलं. आजी थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “अन् पूर नसता आला त?”

यावर डिस्नेने तिसरा काढलेला नाही.