मागचं सगळं पुसून टाका!

आषाढीआधी पालखी दिवे घाटात आली की वारकऱ्यांच्या बरोबरीने कॅमेरेही घाट चढतात. संध्याकाळी फोटो मोबाइलवर येऊन धडकतात. डोक्यावर तुळस घेतलेल्या आजी, चेहऱ्यावरची सुरकुती न् सुरकुती धारदार, आणि मागे हिरवट-भगवा चिखल. घाट गेला, पताका गेल्या, दिंडी गेली. हाच फोटो आजींच्या अंगणात काढला असता तर पेट्रोल तरी वाचलं असतं. पण दाद काय मिळते? ‘वा, काय ब्लर आलाय!’ आजींबद्दल चकार शब्द नाही.

लेन्सला जास्तीचे पैसे मोजायचे, ते कमी दिसावं म्हणून! तिचं छिद्र, म्हणजे ॲपर्चर, एफ/१.४ वर उघडलं की झाली कला. खरं तर माणसाच्या जवळ गेलं, त्याला भिंतीपासून चार पावलं पुढे घेतलं आणि झूम लांबवला, तर कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या साध्या किट लेन्सवरही मागचं विरघळतं.

मोबाइलचा सेन्सर इवलासा. त्यामुळे पोर्ट्रेट मोडमधला ब्लर भिंगातून येत नाही. २०१६ च्या आयफोन ७ प्लसपासून तो गणिताने रंगवला जातोय. गणित चुकलं की चष्म्याची काडी गायब, नथीचा मोती अर्धा, तुळशीचे शेंडे कातरलेले.

मागचं काय बोलू शकतं ते सिनेमात पाहा. १९४१ च्या ‘सिटिझन केन’ या चित्रपटात आई मुलाला परक्याच्या हवाली करायच्या कागदांवर सही करते, आणि मागच्या खिडकीतून तोच मुलगा बर्फात खेळताना लख्ख दिसतो. छायालेखक ग्रेग टोलंडने तो पुसला असता, तर बाई घर गहाण टाकतेय असं वाटलं असतं.

ब्लरशी माझं वैर नाही. मागे कचराकुंडी किंवा भावी नगरसेवकाचा फ्लेक्स असेल तर ॲपर्चर खुशाल सताड उघडा. (त्या फ्लेक्सवर मात्र साहेबांपासून गल्लीतल्या बाळ्यापर्यंत सगळे सारखेच फोकसमध्ये. लोकशाही ती हीच.) पण मागच्या गोष्टीला काही सांगायचं असेल, तर ते आवळत एफ/५.६, एफ/८ पर्यंत या. पताका जरा मऊ झाली तरी हरकत नाही, पण ती पताका आहे हे कळू द्या.

शंका असेल तर धूसर आणि धारदार, दोन्ही फोटो काढा. धारदार फोटो घरी येऊन धूसर करता येतो. लेन्सने पुसलेला घाट एखादं एआय भरूनही देईल. पण तो दिवे घाट नसेल.