हरकतवाले मामा

प्रभागरचनेचं प्रारूप फलकावर लागलं की मामा चष्मा पुसतात आणि खुलताबादेत हरकतींचा हंगाम सुरू होतो. मामांना गावात घरं दिसत नाहीत, जनगणनेतले प्रगणक गट दिसतात. लग्नाची पत्रिका हातात पडली तरी आधी वधूपित्याचा प्रभाग विचारतात, मुहूर्त नंतर.

नियम तोंडपाठ. रचना उत्तरेकडून सुरू, शेवट दक्षिणेला. प्रगणक गट फोडायचा नाही. लोकसंख्या सरासरीच्या 10 टक्के खाली-वर चालते. हद्द म्हणून रस्ता, नाला असं काहीतरी डोळ्यांना दिसणारं हवं. ‘‘नियमात खोट नाही,’’ मामा म्हणतात, ‘‘खोट त्या 10 टक्क्यांत हाय.’’ मग टपरीवर सांडलेल्या चहात बोट बुडवून बाकड्यावर प्रात्यक्षिक. एक आळी तीन प्रभागांत वाटली, की तिन्हीकडे ती टाळ्या वाजवण्यापुरती उरते. नाहीतर अख्खी एकातच कोंबायची. एक जागा तिला आंदण, बाकीच्या आपल्याला मोकळ्या. 1812 साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या एल्ब्रिज गेरी या गव्हर्नरच्या सहीने असाच एक वेडावाकडा मतदारसंघ निघाला होता. मामा त्यांना ‘गेरीसाहेब’ म्हणतात, जणू मागच्याच महिन्यात बदलून गेलेले तहसीलदार.

विधानसभेपुढे मात्र मामांचा इलाज नाही. कुलदीप सिंग आयोगाने 2001 च्या जनगणनेवर हद्दी आखल्या आणि आमचा तालुका गंगापूर मतदारसंघात बसला. वेरूळची लेणी आमची, भद्रा मारुती आमचा, म्हैसमाळची हवा आमची, आणि पाटी गंगापूरची! त्यात घटनेच्या 329 व्या अनुच्छेदाने कोर्टाचं दार जवळपास लावूनच घेतलेलं. तेव्हा सगळा जोर नगरपरिषदेवर. 2025 ची रचनाही 2011 च्याच जनगणनेवर झाली, कारण 2021 ची झालीच नाही. ‘‘पोरांना पोरं झाली, तरी कागदावर आम्ही तेवढेच,’’ हे मामांचं म्हणणं मात्र मला खोडता येत नाही.

सुनावणीला मामा इस्त्रीचा सदरा घालून, स्वतःचा नकाशा घेऊन जातात. नकाशा निःपक्ष. फक्त या वेळी त्यांची भावकी आणि नाल्यापलीकडची सासुरवाडी एकाच प्रभागात आली.

‘‘मधला नाला?’’ साहेबांनी विचारलं.

‘‘भौगोलिक सलगता, साहेब! पाणी कुठंय त्याला?’’

आदल्या निवडणुकीत तोच नाला मामांच्या हरकतीत ‘नैसर्गिक सीमा’ होता. तेव्हा पलीकडे चुलतभाऊ राहायचा. त्याच्याशी बांधावरून बोलणं बंद.

एकसदस्यीय प्रभाग होते तेव्हा एकदा हरकत मान्य झाली. हद्द हवी तशी सरकली, मामांनी पेढे वाटले, बॅनरसाठी फोटोही काढून घेतला. मग आरक्षणाची सोडत झाली. शाळेतल्या पोरीने चिठ्ठी काढली : सर्वसाधारण महिला.

संध्याकाळी मामा घरात गोड आवाजात बोलू लागले. मामींनी भाकरी थापता थापता ऐकून घेतलं.

‘‘राहते की उभी,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पण प्रचाराला तुम्ही नाल्याच्या अलीकडंच थांबायचं. माझ्या माहेरची मतं फोडू नका.’’