लिनक्सभाऊ

लिनक्सभाऊंना तुम्ही ओळखताच. त्यांच्या किल्ल्यांच्या जुडग्यात स्कूटरच्या किल्लीला चिकटून एक पेनड्राइव्ह लोंबत असतो. त्यात उबुंटू नावाचं फुकटचं लिनक्स असतं, आणि समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत जुडगं टेबलावर येतं. मशीन हळू चालतं म्हणा, व्हायरस शिरला म्हणा, उत्तर एकच: "शेठ, अर्ध्या तासाचं काम आहे." विंडोजच्या तक्रारीवर हे उत्तर एक वेळ ठीक. पण माउसची वायर तुटली तरी जुडगं निघतं, आणि ऑफिसातला एसी गळतोय असं कोणी म्हणालं तरी भाऊंचा हात खिशापर्यंत जाऊन येतो. मशीनमध्ये रॅम किती, हार्डडिस्क कोणती, प्रोसेसर कितव्या पिढीचा, हे सगळं ते विचारतात. "शेठ, तुमचा धंदा काय?" एवढंच विचारायचं राहून जातं.

माझा आक्षेप नेमका इथे आहे. धंदेवाला ऑपरेटिंग सिस्टिम निवडत नाही, ती त्याच्या पदरात पडते. तो निवडतो कामाचं सॉफ्टवेअर, आणि ते ज्यावर चालेल ती सिस्टिम मागोमाग येते. टॅली विंडोजसाठी बनलेली आहे, त्यामुळे हिशेबनिसाचा प्रश्न तिथेच मिटतो. भोसरीच्या वर्कशॉपमध्ये सॉलिडवर्क्सवर ड्रॉइंग होत असेल तर तेही विंडोजच मागतं. फायनल कटवर लग्नाचे व्हिडिओ कापणाऱ्याला मॅक घ्यावाच लागतो, मग तो कितीही महाग असो. मराठी छपाईची गोष्ट तर त्याहून चिवट. श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टांत आणि पेजमेकरमध्ये जुळवलेल्या मजकुराचे ढीग प्रेसवाल्यांकडे पडून आहेत. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती, सातवी, 2001 साली आली. तरी त्या फायली उघडाव्या लागतात, कारण गेल्या वर्षीची लग्नपत्रिका या वर्षी धाकट्याच्या लग्नाला नाव बदलून छापायची असते. अशा प्रेसमध्ये भाऊ जुडगं काढतात तेव्हा मालक नकळत कीबोर्डवर हात ठेवतो.

भाऊंकडे यावर उत्तर आहे: "वाइन टाकू, सगळं चालेल." वाइनमुळे विंडोजची बरीच सॉफ्टवेअरं लिनक्सवर चालतात, हे खरंच आहे. पण घरी हौसेने चालवणं वेगळं आणि विसाव्या तारखेला जीएसटीचं विवरण भरताना चालणं वेगळं. नवं अपडेट आलं आणि काही अडलं, तर टॅलीवाला म्हणणार, आम्ही हे लिनक्ससाठी बनवलेलंच नाही. त्याचं म्हणणं खोटं ठरवता येत नाही.

मग भाऊ म्युनिक काढतात. जर्मनीतल्या या महापालिकेने 2003 साली विंडोज सोडायचं ठरवलं, तेव्हा मायक्रोसॉफ्टचे स्टीव्ह बाल्मर स्कीइंगची सुट्टी मधेच सोडून महापौरांना भेटायला धावले. हा प्रसंग भाऊ इतका रंगवतात की बाल्मर बर्फावरून थेट महापालिकेत घसरत आले असावेत. 2013 पर्यंत सुमारे 15 हजार संगणक लिनक्सवर गेले, हेही खरं. पुढचं भाऊ भरभर सांगतात: खास सॉफ्टवेअर लागणाऱ्या विभागांचे काही हजार संगणक तेव्हाही विंडोजवरच राहिले, आणि 2017 साली नगरसेवकांनी सगळंच परत विंडोजवर न्यायचा निर्णय घेतला. "ते राजकारण होतं," असं भाऊ म्हणतात. राजकारण होतंच, मायक्रोसॉफ्टचं जर्मनीतलं मुख्यालय आदल्याच वर्षी म्युनिक शहरात आलं होतं. पण मागे राहिलेल्या त्या काही हजार संगणकांना राजकारणाने धरून ठेवलं नव्हतं, त्यांच्या कामाने ठेवलं होतं.

तरीही भाऊ पुष्कळदा बरोबर असतात, हे मान्य करायला जिवावर आलं तरी करायला हवं. ज्या काउंटरवरचं सगळं काम ब्राउझरमध्येच होतं, तिथे विंडोजचे पैसे मोजायचं कारण नाही. केरळच्या सरकारी शाळांनी मुक्त सॉफ्टवेअरवर वर्षानुवर्षं मुलं शिकवली. 14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा नेहमीचा पाठिंबा थांबवला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ची चिप आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे कितीतरी धडधाकट मशिनं एका दिवसात म्हातारी ठरली. अशा मशीनमध्ये जीव राहावा असं मनापासून वाटणारा माणूस विरळा. नवं मशीन विकण्यात दुकानदाराचा फायदा असतो. भाऊंचा कशातच नसतो.

आणि ते येतात. विसाव्या तारखेला रात्री नऊ वाजता फोन केला तरी येतात, सोबत स्वतःचं एक्स्टेन्शन बोर्ड घेऊन. बारा वाजेपर्यंत प्रिंटरचा ड्रायव्हर शोधतात, कपभर चहा घेतात आणि जातात. शेठच्या वहीत सिस्टिमचा खर्च शून्य लागतो तो असा. भाऊंचे तास कोणी दुकानातल्या टेक्निशियनच्या दराने मांडले, तर विंडोजचं लायसन्स स्वस्त पडेल. आपल्याच युक्तिवादातलं हे भोक भाऊंनी आपल्या भलेपणाने बुजवून ठेवलं आहे. लिनक्सच्या कंपन्यांना हा हिशेब कधीच कळला. रेड हॅटचा धंदा उभा राहिला तो सॉफ्टवेअरच्या मागे उभं राहण्याच्या वर्गणीवर, आणि आयबीएमने 2019 मध्ये त्या कंपनीसाठी 34 अब्ज डॉलर मोजले. हा आकडा भाऊ प्रत्येक शेठला अभिमानाने सांगतात. बिल मात्र त्यांनी एकालाही दिलेलं नाही, आणि एकाही शेठने ते मागितलेलं नाही.